मॉरिशस–रियुनियन सहलीचे शेवटचे दिवस : सातारकरांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीच्या आणि मेच्या सुटीत साताऱ्यातून मॉरिशसला जाणारी कुटुंबं आता नवी राहिली नाहीत. त्यातली बरीच शेजारचं रियुनियन हे फ्रेंच बेटही जोडून घेतात. बुकिंग करताना सगळे विचारतात ते हॉटेल आणि नाश्त्याचं. निघायची तारीख जवळ आली की मात्र आम्हा सहल आयोजकांना फोन येतात ते परतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांबद्दल, आणि तेव्हा बदल करायला फारसं काही हातात उरलेलं नसतं. म्हणून हे प्रश्न आधीच वाचून घ्या.

आधी मॉरिशस करावं की आधी रियुनियन?

आधी रियुनियन. तिथला ज्वालामुखी हा सहलीचा कळस, तो शेवटी ठेवू, असं बहुतेकांना वाटतं आणि तिथेच गणित फसतं. मुंबईचं थेट विमान मॉरिशसहून असतं. रियुनियन ते मॉरिशस हा विमानप्रवास जेमतेम पाऊण तासाचा, पण ढग, वारा किंवा संप यांमुळे ते छोटं विमान रखडलं, की पुढचं मुंबईचं मोठं विमान जातं. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर भरपाईही मिळत नाही. मॉरिशसला उतरल्याबरोबर पुढे रियुनियन गाठा, डोंगर-ज्वालामुखी ताज्या पायांनी करा, मग मॉरिशसला परत येऊन समुद्रकिनाऱ्यावर निवांत व्हा. शेवटच्या दोन रात्रींचं हॉटेल विमानतळाच्या बाजूला, म्हणजे आग्नेय किनाऱ्यावर माहेबूर किंवा ब्ल्यू बे इथे घ्या. ग्रँड बे उत्तरेला आहे. तिथून विमानतळावर यायला बेट उभं ओलांडावं लागतं, आणि पोर्ट लुईच्या वाहतुकीत अडकलात तर पोवई नाक्याची आठवण येईल.

शेवटच्या दिवशी सकाळी ज्वालामुखी बघून संध्याकाळचं विमान धरता येईल का?

कागदावर येतं. आम्ही तसं करू देत नाही.

पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी २६३२ मीटर उंच आहे. गाडी जाते ती २३११ मीटरवरच्या पा द बेलकोंब या कड्यापर्यंत. रियुनियनची राजधानी सेंट-डेनिसहून तिथे पोचायला दोन तासांच्या वर लागतात, आणि वाटेत प्लेन दे साब्ल नावाचं काळ्या-तांबड्या राखेचं पठार लागतं. तिथे झाड नाही, झुडूप नाही, नुसती खरखरीत खडी चाकाखाली वाजत राहते. पोरं हमखास विचारतात, चंद्रावर आलो का? कड्यावरून खाली मोठी कढई दिसते, आंक्लो तिचं नाव. तिच्यात उतरायचं तर पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत. तळाशी थिजलेला लाव्हा पसरलेला, काही ठिकाणी त्याला दोरखंडासारखा पीळ पडलेला. हात लावून बघा, गुळगुळीत दिसतो पण कडा हाताला कापतात. मुख्य विवराच्या काठापर्यंत जाऊन परत यायला पाच-सहा तास लागतात आणि शेवटी त्या पायऱ्या चढायच्या असतात, हे जाताना कुणाच्या लक्षात येत नाही. वाटेत पाणी विकणारा नाही, सावली नाही. हे विवर २००७ च्या एप्रिलमध्ये उद्रेकादरम्यान तीनशे मीटरहून जास्त खचलं, त्यामुळे काठावर खुणा केलेल्या वाटेच्या पलीकडे पाऊल टाकू नका.

खरी अडचण ढगांची. सकाळी नऊ-दहा वाजले की ढग चढायला लागतात आणि मग विल्सन पॉइंटला उशिरा गेल्यावर जे दिसतं तेच दिसतं, म्हणजे काहीच नाही. त्यासाठी पहाटे निघावं लागतं आणि एक दिवस हुकला तर दुसरा हाताशी असावा लागतो. ज्या दिवशी विमान आहे त्या दिवशी हा दुसरा दिवस कुठून आणणार?

स्वेटर न्या. मे ते ऑगस्ट तिथे हिवाळा असतो, पहाटे वर पारा शून्याच्या आसपास येतो. उष्ण कटिबंधातलं बेट म्हणून सगळे बर्म्युडावर येतात आणि कड्यावर गाडीतून उतरायला तयार होत नाहीत.

आम्ही गेलो तेव्हाच ज्वालामुखी पेटला तर?

तर तुम्ही नशीबवान. हा जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे, वर्षाला सरासरी एखाद-दुसरा उद्रेक होतो, मध्येच वर्ष-दोन वर्षं शांतही बसतो. स्फोट होऊन दगड उडतील असा प्रकार क्वचित. बहुतेक वेळा भेगांमधून लाव्हा वाहतो. तो वाहू लागला की आंक्लोमध्ये उतरायला बंदी होते आणि लोक रात्री कड्यावरून बघतात. बंदीला हुज्जत घालू नका. बूर-म्यूरा गावात वेधशाळा आहे, तिथले लोक जमिनीचा प्रत्येक कंप मोजत असतात.

आणि पेटलेला नसेल तर रुसू नका. पूर्व किनाऱ्यावर सेंट-रोजला जा. १९७७ च्या एप्रिलमध्ये लाव्हा कढईच्या बाहेर येऊन वस्तीत शिरला, घरं गेली, पण चर्चच्या दाराशी येऊन दोन्ही बाजूंनी फुटून निघून गेला. पुढे तिथून दक्षिणेकडे जाणारा रस्ताच लाव्ह्याच्या जुन्या-नव्या ओघांवरून जातो. २००७ चा ओघ सगळ्यांत दांडगा. त्या काळ्या दगडावर आधी नेचे उगवलेले दिसतात, मग झुडपं, आणि जुन्या ओघावर झाडं.

आपल्या सह्याद्रीचा दगड आणि तिथला दगड एकच, हे खरं की गाईड सांगतात म्हणून?

दगड तोच नाही, पण चूल एकच, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात; काहींचा याला आक्षेपही आहे. साताऱ्याच्या माणसानं रियुनियनला जाण्याचं आमच्या मते हेच सगळ्यांत चांगलं कारण.

पृथ्वीच्या पोटातून वर येणारा एक तप्त झोत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत होता. तेव्हा लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यातून आपला दख्खनचा काळा पाषाण झाला. महाबळेश्वरच्या कड्यांत हे थर एकावर एक मोजता येतात. या थरांच्या वरच्या मोठ्या गटाला जगभरातले भूवैज्ञानिक आपल्या वाईचंच नाव देतात आणि त्यातल्या एका भागाला महाबळेश्वरचं. भारत पुढे सरकत गेला, झोत जागीच राहिला. त्यानं मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी समुद्रातली रांग सोडली. मॉरिशस सुमारे ८०-९० लाख वर्षांपूर्वी वर आलं, ते आता थंड आहे. सध्या झोताच्या डोक्यावर रियुनियन आहे.

जाण्याआधी एकदा यवतेश्वरच्या घाटातून कासला जाऊन या. घाटात रस्त्यासाठी कापलेला कडा दिसला की थांबा. काळ्या थरांच्या मध्ये कुठे विटकरी पट्टा दिसतो का पाहा. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात आधीच्या थराचा माथा ऊन-पावसानं कुजला, त्याची ती माती. वर कासच्या सड्यावर पायाखाली जांभा आहे. तोही त्याच काळ्या पाषाणाचा, लाखो वर्षं धुवून निघाल्यावर उरलेला. मॉरिशसमध्ये शामारेलला सात रंगांची माती बघायला तिकीट काढून रांग लावतात. तिथेही हेच झालं आहे, काळा दगड कुजून लोह आणि अॅल्युमिनियमची संयुगं मागे उरली. हे कळल्यावर तिकिटाचे पैसे जास्त वसूल होतात.

परतीच्या वेळी वादळ आलं तर?

नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला चक्रीवादळांचा हंगाम, त्यात जानेवारी ते मार्च जोराचा. दिवाळीत आणि मे महिन्यात जाणाऱ्यांना धोका कमी. नाताळच्या सुटीत किंवा लग्नानंतर जानेवारी-फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी मुंबईला पोचल्यानंतर निदान दोन दिवस रजा शिल्लक ठेवावी. मॉरिशसमध्ये इशारे एक ते चार अशा क्रमानं लागतात. तिसरा लागला की बस बंद, दुकानं बंद, हॉटेलबाहेर पडायचं नाही. रियुनियनमध्ये हेच रंगांनी सांगतात. लाल लागला की घरात, जांभळा लागला की फारच गंभीर. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवर मोटारी तरंगल्या आणि विमानतळ बंद ठेवावा लागला.

पाऊस काय असतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको, असं पाटण-महाबळेश्वरचे लोक म्हणतात. महाबळेश्वरला सबंध पावसाळ्यात साधारण साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पडतो. फेब्रुवारी २००७ मध्ये गामेद वादळात रियुनियनच्या कोमेर्सों विवरापाशी तीन दिवसांत ३९२९ मिलीमीटर पडला. जागतिक विक्रम आहे तो, आणि ही जागा ज्वालामुखीच्या रस्त्यालाच आहे.

शेवटच्या दिवशी स्कूबा डायव्हिंग करू का?

नको. खोल पाण्यात हवेच्या दाबाखाली श्वास घेताना रक्तात नायट्रोजन विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. लगेच विमानात बसलं तर त्याचे बुडबुडे होतात; सांधे दुखण्यापासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकतं. एक डाइव्ह केली तर निदान बारा तास, जास्त केल्या तर अठरा तास विमान नाही. आम्ही सरसकट चोवीस सांगतो. रियुनियनला एक गोष्ट हमखास विसरली जाते: सकाळी डाइव्ह आणि दुपारी ज्वालामुखीवर २३०० मीटरवर, हेही तितकंच वाईट. हेलिकॉप्टरलाही हाच नियम. नुसतं नळी लावून पाण्यावर तरंगत मासे बघणाऱ्यांना यातलं काही लागू नाही.

समुद्रात कुठे उतरावं?

मॉरिशसला प्रवाळाच्या कडेच्या आत, उथळ शांत पाण्यात. दक्षिणेला ग्री-ग्रीसारख्या जागी ही कड नाही, लाटा थेट कड्यावर आदळतात. बघायला सुंदर, उतरायला नाही. रियुनियनमध्ये शार्कच्या हल्ल्यांनंतर २०१३ पासून प्रवाळाच्या आतलं पाणी आणि जीवरक्षक असलेल्या ठरावीक जागा सोडून इतरत्र पोहायला बंदी आहे. पश्चिमेला लेर्मिताजचा किनारा चांगला.

पायात रबरी बूट घालून उतरा. दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा तळाशी पडून असतो, त्याचा काटा घुसला की माणूस किंचाळतो. पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवायचा आणि तडक दवाखाना.

हॉटेल सकाळी सोडायचं आणि विमान रात्री. दिवस कसा काढायचा?

सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवून माहेबूरला जा. सोमवार असेल तर तिथला बाजार चुकवू नका. भाजी, कापड, मिरच्या, लोणची, सगळं एकाच ठिकाणी. डाळपुरी तिथे उभ्यानं खायची: दोन पुऱ्या एकावर एक, आत वालाची उसळ, टोमॅटोची चटणी, वर मिरची, आणि कागदात गुंडाळी. पुरणपोळीच्या हातानं केलेली पण तिखट, असं आमच्या गटातल्या एक वहिनी म्हणाल्या होत्या. चणाडाळीचे मिरचीवडे गरम मिळाले तर घ्या.

इतिहासाची आवड असेल तर गावातलं संग्रहालय बघा. ऑगस्ट १८१० मध्ये इथल्या खाडीत फ्रेंचांनी इंग्रजांच्या आरमाराला हरवलं. पॅरिसच्या विजयकमानीवर या लढाईचं नाव कोरलेलं आहे. त्याच वर्षाअखेर इंग्रजांनी बेट घेतलंच. मुलं बरोबर असतील तर जवळच इल ओझेग्रेत या छोट्या बेटावर महाकाय कासवं आणि गुलाबी कबुतरं आहेत. डोडोची हाडं १८६५ मध्ये सापडली ती विमानतळाजवळच्याच दलदलीत.

गंगा तलावाचं दर्शन या दिवशी बसवता येतं, थोडी घाई होते. तो तलावही जुन्या ज्वालामुखीच्या विवरातला. काठावर महादेवाची १०८ फुटी मूर्ती आहे, माकडं आहेत, प्रसादाची पिशवी सांभाळा. वाटेत बोआ शेरीचा चहाचा मळा लागतो.

आमच्याकडचे दोघे-तिघे ऊस बागायतदार आहेत. त्यांना किनाऱ्यावर कंटाळा येतो. काय करावं?

कंटाळा येणार नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच आहे, आणि गाडी थांबवायला लावून हे लोक फडात शिरतात, कांड्या मोजतात, आपलं ८६०३२ वाण आहे का म्हणून ड्रायव्हरला विचारतात. तिथला गळीत हंगाम साधारण जून ते डिसेंबर. म्हणजे दिवाळीत गेलात तर कारखाने चालू सापडतील, मेमध्ये गेलात तर उभा ऊस.

फडात मध्ये काळ्या दगडांचे ढीग दिसतात, काही तर पायऱ्यापायऱ्यांचे रचलेले. ज्वालामुखीची जमीन म्हणजे दगडांची खाण. ते एकेक उचलून बाजूला रचून शेत मोकळं केलं ते आधी गुलामांनी आणि मग गिरमिटिया मजुरांनी. पांपलमूसजवळ बो प्लाँ इथे जुन्या साखर कारखान्यातच संग्रहालय केलं आहे, अर्धा दिवस द्या. शेवटी वेगवेगळ्या कच्च्या साखरा चाखायला देतात. काळपट ओलसर साखर तोंडात टाकली की कऱ्हाडकडचे लोक एकमेकांकडे बघतात: काकवीच की ही!

बेणं आणता येईल का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. नाही. परवाना आणि विलगीकरणाशिवाय उसाची कांडी, रोप, बी काहीही भारतात आणता येत नाही. एका कांडीतून नवा रोग शिवारात आला तर काय होईल ते बागायतदाराला सांगायला नको.

पणजोबांचे भाऊ मॉरिशसला गेले होते असं घरात सांगतात. शोध लागेल का?

लागू शकतो. त्यासाठी शेवटचा दिवस ठेवू नका, मात्र. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ पाच लाख मजूर हिंदुस्थानातून तिथे उतरले. त्यातले मराठी मुख्यतः मुंबई बंदरातून गेले, कोकणातले आणि घाटावरचेही. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर ते ज्या काळ्या दगडी पायऱ्यांनी चढले त्या अजून आहेत. २००६ पासून ती जागा जागतिक वारसा आहे. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजुरांच्या नोंदी जपल्या आहेत, नाव, बापाचं नाव, जहाज, गाव, जिल्हा. काहींचे फोटोही. अडचण अशी की नावं लिहिली गोऱ्या कारकुनांनी, कानाला ऐकू आली तशी. त्यामुळे निव्वळ आडनावावर जाऊ नका. गाव, जिल्हा आणि अंदाजे साल घेऊन जा. आधी ईमेल करून ठेवा.

तिथले मराठी लोक गणपती बसवतात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. घरात क्रेओल बोलतात आणि आरती मराठीत म्हणतात. भेट झाली तर आरती एकत्र म्हणा, ओळख चटकन होते.

परत येताना काय आणावं, काय नाही?

आणा: कच्ची साखर, चहा, आणि रियुनियनची व्हॅनिला. या व्हॅनिलेमागे एक गोष्ट आहे. मेक्सिकोबाहेर हिच्या फुलांना शेंगा धरत नव्हत्या, कारण परागीकरण करणारे कीटक नव्हते. १८४१ मध्ये रियुनियनवरच्या एदमाँ आल्बिउस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं काडी आणि अंगठा वापरून हातानं ते करून दाखवलं. आजही जगभर बहुतेक तसंच करतात. त्याला स्वतःला मात्र त्यातून काही मिळालं नाही. शेंग घेताना वाकवून बघा, लवचीक आणि तेलकट हवी. कडक वाळलेली घेऊ नका.

रम माणशी दोन लिटरपर्यंत आणता येते. विमान मध्ये कुठे बदलणार असाल तर विमानतळावरून घेतलेल्या बाटलीची सीलबंद पिशवी मुंबईपर्यंत फोडू नका.

आणू नका: प्रवाळ, शिंपले, वाळू, लाव्ह्याचा दगड. प्रवाळ आणि शिंपल्यांना तिकडेही बंदी आणि इकडेही. रियुनियनच्या राष्ट्रीय उद्यानातला खडा उचलणं गुन्हा आहे. देवघरात ठेवायला म्हणून एखादी आजी हळूच पिशवीत टाकते, ती पिशवी आदल्या रात्रीच रिकामी करून घ्या. काळा दगडच हवा असेल तर साताऱ्यात कमी आहे का?

तिथल्या लोकांना द्यायला कंदी पेढे नेले तर चालतील?

रियुनियनला नाही. तिथे युरोपीय नियम चालतात आणि बाहेरून दुधाचे, मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, मसाला न्या.

व्हिसाचं काय?

मॉरिशसला भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. रियुनियनहून परत येताना मॉरिशसमध्ये पुन्हा प्रवेश होतो, तेव्हा प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म पुन्हा भरा. रियुनियन फ्रान्सचा भाग असला तरी शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे युरोपचा जुना व्हिसा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तिथली व्यवस्था वेगळी आहे, ती तिकीट काढण्याआधी पक्की करा.

उरलेल्या मॉरिशस रुपयांचं काय करायचं?

तिथल्या विमानतळावरच बदला किंवा खर्च करा. साताऱ्यात कुणी घेत नाही.

शेवटच्या दोन दिवसांत घरात भांडणं होतात. काही उपाय?

हा प्रश्न लोक हसत हसत विचारतात, पण विचारतात. कारण एकच असतं: राहून गेलेलं सगळं त्या दोन दिवसांत कोंबलेलं असतं. सकाळी बोट, दुपारी खरेदी, संध्याकाळी धबधबा. आई-वडील सत्तरीचे, नातू सात वर्षांचा आणि मधले दोघं मोबाइलमध्ये घड्याळ बघत धावणारे. आमच्या आराखड्यात म्हणूनच शेवटचे दोन दिवस कोरे असतात आणि त्यावरून आम्हाला बोलणी खावी लागतात, पैसे घेऊन काही दाखवत नाही म्हणून. दाखवायचं ते आधी दाखवलेलं असतं. वादळानं, ढगानं, पोटदुखीनं एखादा दिवस खाल्ला तर तो याच कोऱ्या दिवसांतून भरून काढायचा. काहीच बिघडलं नाही तर आजोबांना खुर्ची टाकून समुद्राकडे बघू द्या आणि नातवाला वाळूत. खरेदीला ज्याला जायचं त्यानं जावं, सगळ्यांना ओढत नेऊ नये.

मुंबईत उतरल्यावर साताऱ्यापर्यंत कसं यायचं?

मॉरिशसची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यामुळे झोपेचा फार गोंधळ होत नाही. पण साडेसहा-सात तास विमानात आणि मग घरापर्यंत अडीचशे किलोमीटर. गाडी स्वतः चालवू नका. ड्रायव्हर ठरवा किंवा पुण्यापर्यंत बसनं येऊन तिथून विनाथांबा धरा. रविवारी संध्याकाळी पोचत असाल तर खंबाटकीचा वेळ धरूनच घरी फोन करा. सांगलीकरांनी पुढचे दोन-तीन तास आणखी धरावेत.

परतल्यावर ताप आला तर?

डॉक्टरांना कुठून आलात ते आधी सांगा. रियुनियनमध्ये २००५-०६ मध्ये चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती, बेटावरच्या जवळपास एक तृतीयांश लोकांना तो झाला. २०२५ मध्ये पुन्हा आली. डास दिवसा चावतात, त्यामुळे तिथे असताना सकाळपासून मलम लावत चला. ताप आणि सांधेदुखी एकत्र असेल तर डेंग्यूची तपासणी होईपर्यंत मनानं वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, लागलीच तर साधी पॅरासिटामोल.